पंपाशिवाय पाणी

३ जानेवारी, शनिवार
पंपहाउसची तीन कोरी लॉगबुकं कपाटात सापडली. रिटायर होताना साहेबांनी दिली होती की मीच उचलून आणली होती, आता आठवत नाही. रकाने छापलेलेच आहेत : वेळ, लेव्हल, प्रेशर, शेरा. रोजनिशी यातच लिहायची.

संकल्प :
१. रोज लिहायचं.
२. अणूवरचं पुस्तक महिनाअखेर संपवायचं.
३. कमी बोलायचं.

अणूचं कारण असं की नात न्यूक्लिअर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांच्या टीमने एक लहानसा रिअ‍ॅक्टर डिझाइन करायचा आणि २७ मार्चला परीक्षकांसमोर त्याचं चालतं मॉडेल दाखवायचं. मॉडेल दीड माणूस उंच. युनिव्हर्सिटीचं वर्कशॉप शनिवारी बंद आणि होस्टेलची छतं ठेंगणी. तिने फोनवर विचारलं, आजोबा, तुमची बाहेरची खोली शनिवारी मिळेल का? मी म्हटलं, बघून सांगतो. दहा मिनिटांनी फोन करून सांगितलं, शनिवारी मोकळी आहे. बाकीचे सहा दिवसही मोकळीच असते, ते सांगितलं नाही.

आज चौघं आली. एक लांबू, दाराची चौकट वाकून ओलांडतो. एक हिशेबनीस, सगळी गणितं तिच्याकडे. एक मुकी, ती फक्त ड्रॉइंग काढते, बोलताना अजून ऐकलेली नाही. आणि आमची नात, ती कॅप्टन. टीमला सल्लागार नव्हता. आता आहे.

शेरा : पाच कप चहा. बऱ्याच दिवसांनी मोठं पातेलं काढलं.

४ जानेवारी, रविवार
मुलाचा फोन. दर रविवारी अकराला येतो, सव्वाअकराला संपतो. त्याला विचारलं, हा रिअ‍ॅक्टर घरात ठेवला तर किरणं-बिरणं निघतील का? तो हसला. बाबा, त्यात युरेनियम नाही, पाण्याचा हीटर आहे. पोरांना काम करू द्या, मधे मधे करू नका. मी कशाला मधे करू?

तरी पिण्याच्या पाण्याचं भांडं आतल्या खोलीत हलवलं. हीटर आहे म्हणतात, पण नावात न्यूक्लिअर आहेच ना.

१० जानेवारी, शनिवार
आज डिझाइन समजावून घेतलं. म्हणजे ती एकमेकांना सांगत होती आणि मी बिस्किटं घेऊन तिथे उभा होतो.

खाली हीटर, त्याला ही मुलं गाभा म्हणतात. वर एक टाकी, त्यात पाणी गार होतं. दोघांना जोडणाऱ्या दोन काचेच्या नळ्या. एकीतून गरम पाणी वर जाणार, दुसरीतून गार होऊन खाली येणार. सगळ्या गोल फेऱ्याला म्हणायचं लूप. मी विचारलं, पंप कुठे आहे? लांबू म्हणाला, पंप नाहीच आजोबा, गरम पाणी हलकं होतं ना, ते आपलं आपणच फिरतं.

मी अडतीस वर्षं पंपावर काढली. पाणी आपलं आपण फक्त खाली जातं, तेही अडवलं नाही तर. पण मी काही बोललो नाही (संकल्प ३). पंपाचा धडा बहुतेक पुढच्या सत्रात असेल.

एक गोष्ट मात्र लगेच समजली. नात म्हणाली, खरा गाभा बंद केला तरी कित्येक दिवस तापत राहतो. काम संपलं तरी उष्णता थांबत नाही, म्हणून कोणीतरी त्याच्याकडे बघत राहावं लागतं. हिशेबनीस म्हणाली, बघावं लागू नये म्हणून तर आपलं डिझाइन आहे ना.

अणूचं पुस्तक : पान ७.

१५ जानेवारी, गुरुवार
खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर जिन्यात भेटले. माझ्याआधी दोन वर्षं रिटायर झाले, म्हणून सगळ्या बाबतींत स्वतःला सीनियर समजतात. म्हणाले, काय हो, तुमच्याकडे म्हणे अणुभट्टी लावताहेत? आमच्या छताचं काय? मी सांगितलं की डिझाइन माझ्या देखरेखीखाली चाललंय, काळजी करू नका. ते म्हणाले, म्हणूनच काळजी वाटते.

या माणसाशी महिनाभर बोलायचं नाही.

१७ जानेवारी, शनिवार
पोस्टमास्तरांकडून मोठा स्क्रू-ड्रायव्हर मागून आणला.

२४ जानेवारी, शनिवार
२७ मार्चला मॉडेलशेजारी एक मोठं पोस्टर लागणार. त्यावर डिझाइनचं चित्र आणि खाली सगळ्यांची नावं. मुकीने कच्चा आराखडा काढून भिंतीला चिकटवला. चार नावं आहेत. खाली तळाला जागा रिकामी आहे, जवळजवळ एक ओळ. मी टेप लावून मोजली. माझं नाव आरामात बसेल, आडनावासकट.

मग मी त्यांना पंपहाउसचे काही अनुभव सांगितले. पंप चालू करायच्या आधी पहिलं काम म्हणजे पाइपातली हवा काढायची, मग बाकीचं, हेच सांगणार होतो, पण एकोणसत्तर सालच्या पुरापासून सुरुवात केली आणि हवेपर्यंत पोचलोच नाही. जाताना नात स्वयंपाकघरात आली. कप विसळता विसळता म्हणाली, आजोबा, रागावू नका, पण आम्ही काम करत असताना थोडं कमी बोलाल का? हिशेबनीसचे आकडे चुकतात.

तिला कुठे माहीत की हा माझा तीन तारखेचाच संकल्प आहे. दोघांचे विचार जुळतात. रक्त शेवटी एकच.

७ फेब्रुवारी, शनिवार
लूप उभं राहिलं. खोलीच्या मधोमध, जिथे आधी आमच्या हिचं माशांचं टाकं होतं, तिथेच. लांबू शिडीविना वरची टाकी बसवू शकतो, हा त्याचा टीमला मोठाच उपयोग. पाणी भरलं. संध्याकाळी सगळी गेली. लूप राहिलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून लूपचं लॉग सुरू केलं. मशीन उभं असताना लॉग न ठेवणं मला पटत नाही.

सकाळी ६ : लेव्हल ठीक.
सकाळी १० : लेव्हल ठीक.
दुपारी २ : लेव्हल ठीक.
संध्याकाळी ६ : लेव्हल एक बोट कमी वाटली. चष्मा लावल्यावर ठीक.

लूप बंदच आहे, त्यामुळे फारसं काही होत नाही. तरी घरात पाणी असलं की बरं वाटतं. ही गेल्यावर मासे दोन महिने टिकले. खायला वेळेवर घालत होतो. पण ती त्यांच्याशी बोलायची. मला ते जमलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.३०
पहिली टेस्ट. हीटर लावला, नळीत निळी शाई सोडली, चौघं श्वास रोखून उभी. शाई जिथे सोडली तिथेच राहिली. अर्धा तास गेला, हलली नाही. लांबू म्हणाला, कदाचित फिरतंय पण खूप हळू. हिशेबनीस म्हणाली, इतकं हळू की आपण पास व्हायच्या आत एक फेरीही होणार नाही.

वरच्या वळणात नाण्याएवढा बुडबुडा अडकला आहे, तो मला खुर्चीवरूनच दिसला. हवा आहे. पण कोणी विचारलं नाही. विचारतील तेव्हा सांगेन. आणि खरं दुखणं हवेचं नाहीच. खरं दुखणं हे की पंप नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार
दुसरी टेस्ट. शाई जागची हलली नाही. हिशेबनीसने सगळं गणित पुन्हा केलं होतं, बावीस पानं. गणित बरोबर, पाणी चूक, असं म्हणून ती माझ्या खुर्चीत बसून रडली. मुकीने तिला पाणी दिलं. नात खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, मॉडेल चाललं नाही तर वर्ष जाईल, चौघांचं.

मी चहा करायला आत गेलो. तिथे बराच वेळ उभा राहिलो. उकळून उकळून चहा अर्धा झाला.

३ मार्च, मंगळवार
निर्णय घेतला.

हिच्या माशांच्या टाक्याचा पंप माळ्यावर होता. तळहाताएवढा, पाण्यात बुडवून ठेवायचा. त्यावर हिने लाल प्लॅस्टिकचा मासा चिकटवला होता, तो अजून शाबूत. बादलीत सोडून बघितला. चालतो. तोच आवाज. बादलीजवळ तासभर बसलो. पंपाची परीक्षा घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

६ मार्च, शुक्रवार. दुपारी २
काम फत्ते. शिडीवर चढून वरच्या टाकीत पंप बसवला, तोंड खाली जाणाऱ्या नळीला लावलं. वायर हीटरच्या वायरीमागून आणून त्याच प्लगला जोडली. टाकीचं झाकण लावलं आणि वर लिहिलं : उघडू नये.

सुरू करताच वळणातला तो बुडबुडा फुर्रकन वर निघून गेला आणि पाणी असं पळालं म्हणता! अडतीस वर्षांचा अनुभव आहे.

मुलांना आत्ता सांगायचं नाही. सांगितलं तर त्यांचा आत्मविश्वास जाईल. २७ तारखेला परीक्षक विचारतीलच, इतकं सुंदर पाणी कसं फिरतं? तेव्हा नात मला पुढे बोलावेल.

उतरताना शिडीची शेवटची पायरी चुकली. गुडघा सुजलाय. कोणाला सांगायचं नाही.

७ मार्च, शनिवार
माझ्या आयुष्यातले चांगले दिवस मोजले तर आजचा त्यात येईल.

मुलं यायच्या अर्धा तास आधीच मी प्लँट सुरू करून ठेवला. म्हटलं, तापायला वेळ लागतो, तुमचा वेळ वाचावा. लांबूने शाई सोडली. शाई सुटली ती गोल फिरून पुन्हा तिथेच आली! हिशेबनीसने किंकाळी मारली. लांबूने मला उचललं, खरंच उचललं. आणि मुकी बोलली. म्हणाली, आजोबा, तुमची खोली लकी आहे. पहिल्यांदाच बोलली आणि श्रेय खोलीला दिलं.

नात म्हणाली, हा घूं घूं आवाज कसला? मी सांगितलं, फ्रिज जुना झालाय. फ्रिज स्वयंपाकघरात आहे, पण तिने पुढे विचारलं नाही.

१४ मार्च, शनिवार
दिवसभर रीडिंगं. हिशेबनीस जरा कोड्यात आहे. गणिताच्या मानाने पाणी चौपट वेगाने फिरतंय म्हणते. लांबू म्हणाला, तक्रार काय करतेस, प्रसाद समजून घे. तिने सगळे आकडे रिपोर्टात भरले. बंद करण्याचं काम माझ्याकडे आहे, सगळी गेल्यावर करतो. सुरू करण्याचंही माझ्याकडेच. खरं म्हणजे आता माझ्याशिवाय हा रिअ‍ॅक्टर चालू शकत नाही.

अणूचं पुस्तक : पान ९. लायब्ररीवाल्याने मुदत वाढवून देताना विचारलं, परीक्षा आहे का? म्हटलं, हो.

२१ मार्च, शनिवार
लूप गेलं. टेम्पो आला होता. वरची टाकी मीच बांधली, कोणाला हात लावू दिला नाही. पाणी झाकणातल्या भोकातूनच भरा, झाकण काढू नका, असं चारदा बजावलं. नात म्हणाली, हो आजोबा, वाचता येतं आम्हाला.

२७ तारखेला मी किती वाजता येऊ असं विचारलं. ती म्हणाली, आजोबा, हॉल लहान आहे आणि खूप उभं राहावं लागेल, तुमचा गुडघा... संध्याकाळी येऊन सगळं सांगते, अगदी पहिल्यांदा तुम्हालाच.

गुडघ्याचं तिला कसं कळलं? काळजी आहे म्हणूनच. मधेच बोलावणं येईल, तेव्हा तयारी असावी. निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

२३ मार्च, सोमवार
सकाळी ६ : लेव्हल. (सवयीने लिहिलं गेलं.)

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ९
निळा शर्ट घातला. चप्पल दारात काढून ठेवली, तोंड बाहेर.

२७ मार्च. सकाळी ११
त्यांचा नंबर अकराचा. फोन चार्जिंगवरून काढून हातात धरला आहे.

२७ मार्च. दुपारी १
पोस्टमास्तर डोकावून म्हणाले, कुठे लग्नाला निघालात? म्हटलं, बोलावणं येईल कोणत्याही क्षणी. ते बसले थोडा वेळ. आम्ही दोघांनी फोनकडे बघितलं. मग ते जेवायला गेले.

२७ मार्च. संध्याकाळी ६
नात आली. एकटी.

तिने सांगितलं ते तसंच लिहून ठेवतो. परीक्षकांसमोर लांबूने प्लग लावला. पाणी लगेच फिरायला लागलं. मुख्य प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. मग नळीवर हात ठेवला. गार. म्हणाले, अजून तापलंसुद्धा नाही, मग हे फिरतंय कशाच्या जोरावर? आणि हा आवाज कसला? लांबू सवयीने बोलून गेला, सर, फ्रिज. हॉलमध्ये फ्रिज नव्हता.

मग त्यांनी ते उघडू नये लिहिलेलं झाकण उघडलं. आत हात घातला, तर पंपासकट लाल मासा वर आला. मागच्या रांगेत सगळे हसले.

डिझाइनचा सगळा मुद्दा म्हणे हाच होता की वीज गेली, पंप बंद पडले, माणूस जवळ नसला, तरी पाणी फिरत राहिलं पाहिजे. रिपोर्टातले सगळे आकडे बाद. प्राध्यापकांनी विचारलं, पंप कोणी बसवला? मासा नातीने ओळखला होता. ती म्हणाली, सर, आमच्या घरचा आहे, जबाबदारी माझी. एक संधी मिळाली आहे : १३ एप्रिल, सोमवार. सगळं पहिल्यापासून, लॅबमध्ये, देखरेखीखाली. तेव्हा चाललं नाही तर वर्ष गेलंच.

इतकं सांगून झालं. मग म्हणाली, आजोबा, का केलंत?

म्हटलं, चहा ठेवू का? नको म्हणाली. पंप रुमालात गुंडाळून आणला होता, तो टेबलावर ठेवला. जाताना माझ्या शर्टाकडे बघितलं आणि कॉलर सारखी केली.

शेरा : नाही.

२९ मार्च, रविवार
मुलाचा फोन अकराला आला. त्याला सगळं कळलेलं होतं. बाबा, एवढंच म्हणाला. अकरा वाजून चार मिनिटांनी संपला.

संकल्प : यापुढे कोणत्याही रिअ‍ॅक्टरमध्ये पडायचं नाही.

४ एप्रिल, शनिवार
मुलं आली नाहीत. लॅब आता त्यांच्यासाठी शनिवारीही उघडतात. मोठं पातेलं वर ठेवून दिलं.

नातीने सुधारलेल्या रिपोर्टाचं एक पान फोनवर पाठवलं. चुका लपवायच्या नाहीत असा नियम आहे म्हणे. भिंग घेऊन वाचलं. आधीची रीडिंगं बाद होण्याचं कारण : एका बाह्य व्यक्तीने टीमच्या नकळत बसवलेला पंप.

बाह्य व्यक्ती म्हणजे मी.

पोस्टमास्तरांना दाखवलं. म्हटलं, बघा, रिपोर्टात आलो. ते म्हणाले, नाव कुठाय? मी म्हटलं, अशा कामांत नाव देत नाहीत, सुरक्षेचा प्रश्न असतो. ते काही बोलले नाहीत. हे त्यांच्या स्वभावात नाही.

१० एप्रिल, शुक्रवार. दुपारी ४
फोन वाजला. रविवार नाही, म्हणून आधी वाटलं, राँग नंबर.

नात होती. आवाज बारीक. लॅबमध्ये आठवडा झाला, शाई हलत नाही. प्राध्यापक सांगत नाहीत, ते परीक्षक. सोमवारी शेवटचं. मग म्हणाली, आजोबा, तुम्ही इतकी वर्षं पाणी बघितलंत. तुम्हाला काय वाटतं?

तीन जानेवारीपासून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मी म्हटलं, वरच्या वळणात बुडबुडा आहे का बघ. ती म्हणाली, आहे, छोटासाच आहे. म्हटलं, तो छोटासा सगळं पाणी अडवून बसलाय. वळणाजवळचा क्लिप सैल करा, फस्स करून हवा जाईल, पाणी टपकलं की घट्ट करा. मग हीटर लावा आणि थांबा. घाई करू नका. पंप नको.

पलीकडे पावलं, शिडी, लांबूचा आवाज. बराच वेळ काही नाही. मी फोन कानाला लावून उभा. मग हिशेबनीसची किंकाळी ऐकू आली, सात मार्चसारखीच.

नात फोनवर परत आली. हसत होती की रडत होती, कळलं नाही. म्हणाली, आजोबा, फिरतंय, हळूहळू, अगदी गणितात आहे तितकंच. तुमच्या हे कधी लक्षात आलं?

मी लॉगबुक उघडून सांगितलं : एकवीस फेब्रुवारी, दुपारी साडेतीन.

ती म्हणाली, मग तेव्हाच का नाही सांगितलंत!

म्हटलं, संकल्प क्रमांक तीन. आणि तूही म्हणाली होतीस.

मग म्हणाली, उद्या शनिवार आहे, जमलं तर येतो आम्ही सगळे. मागून कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

११ एप्रिल, शनिवार
सकाळी ६ : मोठं पातेलं काढलं. पंप पुसून टेबलावर ठेवला. लागेल असं नाही, पण असावा.

दुपारी ३ : पाच कप मांडले.

दुपारी ४ : जिन्यात पावलं. पोस्टमास्तर. स्क्रू-ड्रायव्हर परत मागायला आले होते. एक कप त्यांना दिला.

संध्याकाळी ६ : कोणी आलं नाही.

शेरा : म्हणजे लूप व्यवस्थित चालू आहे. बंद पडलं असतं तर आली असती.